पीसीओएस आणि घर: मन सांभाळायचं तर कोणी, काय आणि कधी करायचं

पीसीओएसचं (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे संप्रेरकांच्या, हार्मोन्सच्या बिघाडाचा आजार) निदान झालं की पहिल्याच आठवड्यात घरातला भात बंद होतो, मेथीदाण्याचं पाणी सुरू होतं आणि फॅमिली ग्रुपवर आसनांचे व्हिडिओ यायला लागतात. मुलीला रात्री झोप लागते का, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. या आजारात नैराश्य आणि चिंता यांचं प्रमाण इतर स्त्रियांपेक्षा जास्त असतं. म्हणूनच २०२३ साली आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत, निदान होतानाच प्रत्येकीची या दोन्हींसाठी चाचणी करावी असं सांगितलंय. आपल्याकडे ती सहसा होत नाही. ओपीडीत बाहेर चाळीस जणी थांबलेल्या असतात, सोनोग्राफीचा कागद बघून गोळ्या लिहून दिल्या जातात आणि मनाचा विषय घरावर सोडला जातो. घर मग सल्ले देतं. आमचं मत विचाराल तर सल्ले निम्म्यावर आणावेत आणि कामं वाटून घ्यावीत.

आधी निदान पक्कं आहे का ते बघा

नुसत्या सोनोग्राफीवर 'पीसीओडी' (पीसीओएसचंच जुनं नाव) असं लिहून आलं म्हणजे आजार आहेच असं नाही. मोठ्या वयात तीनपैकी दोन गोष्टी लागतात: पाळी अनियमित असणं, पुरुषी संप्रेरकं वाढल्याची लक्षणं किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीत बीजकोशांत (ओव्हरीत) खूप बारीक पुटिका दिसणं (किंवा एएमएच हे बीजकोशांतून येणारं संप्रेरक रक्तात वाढलेलं असणं). पाळी सुरू होऊन आठ वर्षं झाली नसतील तर सोनोग्राफी आणि एएमएच धरायचंच नाही, कारण त्या वयात बीजकोश तसेच दिसतात. तेव्हा पहिल्या दोन्ही गोष्टी असाव्या लागतात. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (दूध येण्याशी संबंधित संप्रेरक) तपासून ती कारणं नाहीत ना, हेही बघावं लागतं. दहावीतल्या मुलीला एका सोनोग्राफीवरून 'तुला पुढे मूल व्हायला त्रास होईल' असं ऐकवलं गेलं, तर ते वाक्य ती वर्षानुवर्षं डोक्यात घेऊन फिरते.

'ही तर बारीक आहे, हिला कसा होईल' हाही प्रश्न घराघरांत असतो. बारीक मुलींनाही पीसीओएस होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. शेजारी ब्रिटिश सहकारी, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी सहकाऱ्याची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडच्या सडपातळ दिसणाऱ्या अंगातही चरबी लपलेली असू शकते, हे त्या फोटोवरून पटकन कळतं. त्यामुळे बारीक मुलीची तक्रार 'काही नाही गं, टेन्शन घेतेस तू' म्हणून उडवून लावू नका.

मन मोजा

'मूड खराब आहे' यावर डॉक्टरही काही करू शकत नाहीत आणि आईही. आकडा हातात असला की दोघांनाही काहीतरी करता येतं. त्यासाठी दोन प्रश्नावल्या आहेत, दोन्ही मोफत मिळतात. नैराश्यासाठी पीएचक्यू-९: नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. चिंतेसाठी जीएडी-७: सात प्रश्न, एकूण २१.

भरायला पाच-सात मिनिटं पुरतात, पण त्या तिने एकटीने भराव्यात. आई शेजारी बसून 'असं कुठे वाटतं तुला' म्हणत राहिली की उत्तरं आईच्या मनासारखी येतात. बेरीज करा. पीएचक्यू-९ मध्ये ५ ते ९ आले तर सौम्य त्रास. दोन-चार आठवड्यांनी पुन्हा भरायचं आणि दरम्यान झोप, जेवण, चालणं यांकडे लक्ष द्यायचं. १० किंवा जास्त आले तर पुढच्या पंधरवड्याच्या आत डॉक्टरांची वेळ घ्या. २० किंवा जास्त आले तर त्याच आठवड्यात. जीएडी-७ मध्येही १० हीच रेघ धरतात. हे आकडे म्हणजे निदान नाही, डॉक्टरांकडे जायचं की नाही एवढं ते सांगतात.

पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याशिवाय काहीही लिहिलं असेल तर बेरजेकडे बघू नका, खालचं काही वाचत बसू नका. तिला सरळ विचारा: 'जीव द्यावासा वाटतो का? कसा, ते ठरवलंयस का?' असं विचारल्याने डोक्यात विचार घातला जात नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून पुष्कळ जणी बोलतात. उत्तर हो असेल तर तिला एकटी सोडायचं नाही, घरातल्या गोळ्यांचा डबा आणि उंदीर-झुरळांची औषधं कुलपात ठेवायची आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा. रात्र असेल तर १४४१६ वर टेलिमानसला फोन लावा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. तिने स्वतःला काही करून घेतलंच असेल तर फोनवर वेळ न घालवता जवळच्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी.

गुण जास्त आले तर शरीरातली कारणंही त्याच वेळी तपासून घ्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२. मेटफॉर्मिन (इन्सुलिनचं काम सुधारायला पीसीओएसमध्ये देतात ती गोळी) बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ कमी होऊ शकतं. त्यात शाकाहारी घर असेल तर आणखीच. केईएममधल्या संशोधनात ही कमतरता पुण्याच्या परिसरातल्या लोकांत भरपूर आढळली आहे. थकवा, चिडचिड, हातापायांना मुंग्या हे सगळं त्यातून येतं आणि घरात त्याला 'आळस' म्हणतात. जोरात घोरणं आणि दिवसा झोप अनावर होणं असेल तर झोपेत श्वास अडकतो का, हे तपासायला सांगा. हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांत मन उतरलं असेल तर तसं डॉक्टरांना सांगा. गोळी बदलता येते. स्वतःहून मध्येच बंद करू नका.

चार रकाने

एक साधी वही किंवा फोनमधली नोंद. तारीख, पाळी, झोपेचे तास, मनाला १० पैकी गुण. बस. खाल्लेलं, वजन, कॅलरी यात घालू नका, नाहीतर आठवडाभरात ती वही म्हणजे अपराधांची यादी होते.

दोन-तीन महिन्यांनी काय दिसतं ते बघा. मन पाळीच्या आधीच्या आठवड्यात खाली जाऊन पाळी आल्यावर दोन-चार दिवसांत वर येत असेल, तर ते पाळीशी जोडलेलं आहे. महिनाभर खालीच असेल, तर वेगळा इलाज लागतो.

इथे एक घोळ हमखास होतो. गौरी-गणपतीत, सत्यनारायणाला किंवा घरातल्या लग्नाला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या जातात आणि त्या बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत आलेला रक्तस्राव 'पाळी आली' म्हणून वहीत पडतो. मग डॉक्टरांना चक्र नियमित वाटतं. अशा गोळ्या घेतल्या तर तारखेपुढे 'गो' लिहा. खरं तर पाळी आधीच बेभरवशाची असलेल्या मुलीला देवघरापासून लांब ठेवण्यासाठी गोळ्या देत राहण्यापेक्षा घराने तो नियमच सोडावा, हे आमचं स्पष्ट मत. ती पाळी आल्याने आनंदात असते आणि घराचा चेहरा पडतो, हा काय प्रकार आहे?

'पाळी आली नाही म्हणजे आत घाण साचते' हेही ऐकवलं जातं. घाण वगैरे काही साचत नाही. गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होत जातं आणि बराच काळ तसं राहणं चांगलं नाही, एवढंच. म्हणून ९० दिवस उलटले तर गरोदरपणाची शक्यता असेल तिथे आधी ती चाचणी, मग डॉक्टर. गोळ्यांचा छोटा कोर्स देऊन पाळी आणता येते.

घरात बोलायचं काय आणि टाळायचं काय

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, तेही माया असलेल्या माणसांकडून. 'तुझ्या भल्यासाठीच सांगते' असं सुरू होणारं वाक्य बहुधा वजनावर जाऊन थांबतं.

निदानानंतर पहिल्या आठवड्यात घरातल्या मोठ्यांनी तिच्यासमोरच तीन गोष्टी ठरवाव्यात. वजन, चेहरा आणि केस यांवर कुणी आपणहून बोलायचं नाही, कौतुकानेसुद्धा नाही. 'बारीक झालीस, छान दिसतेस' हे ऐकलेली मुलगी दोन किलो वाढले की आरसा टाळते. दुसरं, औषधांची आठवण एकाच माणसाने करायची, आणि तो माणूस तिने निवडायचा. आई, बाबा, आजी, भाऊ अशा चौघांनी 'गोळी घेतली का' विचारलं तर ती पाचव्या दिवशी खोटं बोलायला लागते. तिसरं, बाहेर काय आणि किती सांगायचं ते ती ठरवेल. मावशीला, शेजारच्या काकूंना, सोसायटीच्या ग्रुपवर तिच्या परवानगीशिवाय काहीही जायचं नाही.

वाक्यं कशी बदलतात ते बघा. आई म्हणते, 'अगं, जरा चालायला जात जा, दिवसभर लोळत असतेस.' त्याऐवजी: 'मी साडेसहाला कमला नेहरू पार्कला चाललेय, येतेस?' नाही म्हणाली तर 'बरं' म्हणून निघायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचं, टोमणा न मारता. सासूबाई म्हणतात, 'आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही.' त्याऐवजी: 'उद्या डॉक्टरांकडे जायचंय ना तुला, दुपारचा स्वयंपाक माझ्याकडे.' बाबांना बोलायला संकोच वाटतो. त्यांनी रिपोर्टांची फाइल तारखेप्रमाणे लावावी आणि तिला गाडीवरून सोडावं. न बोलता केलेली ही मदत पुष्कळ पोचते.

हळदीकुंकवात किंवा मुंजीत कुणीतरी जाड झाल्याचं बोलतंच. तेव्हा उत्तर तिने द्यायचं नाही, शेजारी असलेल्या घरच्या माणसाने द्यायचं. 'काकू, तिच्या तब्येतीचं आम्ही बघतोय. तुमची गुडघेदुखी कशी आहे?' पुणेरी माणसाला अशा उत्तराचा सराव लागत नाही.

ती सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करत असेल आणि घर नांदेडला किंवा सोलापूरला असेल, तर घराचा आवाज फक्त फोनवर पोचतो. आठवड्यातून एक फोन अभ्यास आणि वजन सोडून करायचा, ठरवून. जिच्याबरोबर ती राहते त्या मैत्रिणीला निदान आणि १४४१६ हा नंबर दोन्ही माहीत असावेत. पण तेही तिला विचारूनच.

स्वयंपाकघर

तिच्यासाठी वेगळं ताट करू नका. घरात सगळ्यांना श्रीखंड-पुरी आणि तिच्यापुढे उकडलेल्या भाज्या, हा शिक्षेचा प्रकार आहे. त्यातून रात्री उशिरा लपून खाणं सुरू होतं. सगळ्यांचंच ताट थोडं बदला: अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर, पाव भागात उसळ, वरण किंवा अंडी-मासे, उरलेल्या पाव भागात पोळी, भाकरी किंवा भात. भात पूर्ण बंद करण्याची गरज नाही. सणाला पुरणपोळी सगळ्यांबरोबर एक, तुपासकट, आणि त्यावर चर्चा नाही.

उपासाचं मात्र बघा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. उपास करायचाच असेल तर भगर थोडी आणि दाण्याची आमटी जास्त, सोबत दही. मेटफॉर्मिन रिकाम्या पोटी घेतलं की मळमळ, जुलाब होतात, म्हणून संकष्टीला गोळी चंद्रोदयानंतरच्या जेवणाबरोबर घेता येईल का, हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवा.

या आजारात खाण्याचे विकारही जास्त दिसतात. थोड्या वेळात खूप खाणं आणि थांबता न येणं, खाऊच्या पुड्या कपाटात लपवणं, जेवणानंतर लगेच बाथरूममध्ये जाणं, दोन-दोन दिवस न जेवणं. यातलं काही वारंवार दिसलं तर डाएटचा कागद बाजूला ठेवा आणि आधी मानसोपचार गाठा. अशा वेळी आणखी कडक डाएट दिलं की विकार बळावतो. वजनकाटा दिवाणखान्यातून उचला.

व्यायामाबद्दल थोडक्यात: आठवड्याला १५० मिनिटं दम लागेल असं चालणं किंवा तत्सम काही, आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायाम. तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, जे जवळ असेल ते. वजन काटाभर हललं नाही तरी मन आणि झोप सुधारतात, म्हणून मोजायचीच तर मिनिटं मोजा. हिंजवडीत रात्रपाळी असेल तर व्यायामाआधी झोपेची वेळ बसवा; चार तास झोपून टेकडी चढण्यात अर्थ नाही.

चेहऱ्यावरचे केस

मुली याबद्दल सर्वांत कमी बोलतात आणि सर्वांत जास्त रडतात. थ्रेडिंगने किंवा रेझरने केस वाढत नाहीत, जाड होत नाहीत. ते निर्धास्त करा. गोळ्यांचा परिणाम दिसायला किमान सहा महिने लागतात, कारण केसाचं चक्रच तेवढं लांब असतं. हे आधी माहीत नसलं की दुसऱ्याच महिन्यात 'काही उपयोग नाही' म्हणून औषध सुटतं. लेझरची सत्रं साधारण चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने होतात आणि पीसीओएसमध्ये नंतरही अधूनमधून करावी लागतात. 'कायमचं' अशी पाटी लावणाऱ्या पॅकेजचे पैसे एकदम भरू नका. स्पायरोनोलॅक्टोन (नको असलेले केस कमी करायला देतात ती गोळी) दिलं असेल तर त्या काळात गर्भ राहू नये याची पक्की सोय लागते.

स्थळं आणि त्यानंतर

'लग्न झालं की सगळं ठीक होतं' हे खरं नाही, त्या आशेवर उपचार थांबवू नका. सांगायचं कधी, हा प्रश्न उरतो. पत्रिका-फोटोच्या टप्प्यावर सांगण्याची गरज नाही. दोघं दोन-तीनदा भेटून होकाराकडे झुकले की साखरपुड्याच्या आधी तिने स्वतः त्याला सांगावं. मध्यस्थाकरवी किंवा आईने आईला असं नको. वाक्य सोपं ठेवा: 'मला पीसीओएस आहे. पाळी अनियमित असते, औषधं चालू आहेत. मूल होण्यासाठी कदाचित उपचार लागतील, पण बहुतेकींना मूल होतं. तुला डॉक्टरांशी बोलायचं असेल तर एकदा जाऊ.' लपवून केलेल्या लग्नात ती प्रत्येक गोळी चोरून घेते, आणि तो ताण आजारापेक्षा जड असतो.

लग्नानंतर 'गोड बातमी कधी' या प्रश्नाला नवऱ्याने उत्तर द्यायचं, तेही तिच्यासमोर: 'आमचं आम्ही बघू, आई.' मूल हवं असेल तर एरवी ३५च्या आत वर्षभर वाट बघतात, पण पाळीच अनियमित असेल तर वर्ष घालवायचं कारण नाही. नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच फेरीत करून घ्या, २ ते ७ दिवसांच्या संयमानंतर. तिच्या सहा तपासण्या झाल्यावर त्याची एक, असा क्रम आपल्याकडे चालतो. वेळ आणि पैसा दोन्ही त्यात जातात. बीज सुटण्यासाठी पहिलं औषध सहसा लेट्रोझोल असतं, थेट आयव्हीएफ (टेस्ट-ट्यूब पद्धत) नाही. उपचाराच्या महिन्यात 'आजच' असं ठरलेल्या संबंधांचा दोघांनाही वैताग येतो. त्यावर डॉक्टरांशी बोलायला लाजू नका आणि वाटलं तर एक महिना सुट्टी घ्या.

पुण्यात मदत कुठे आणि कशी

समुपदेशक बोलून उपचार करतात, औषध देत नाहीत. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर असतात. पीएचक्यू-९चे गुण १० ते १४ असतील तर विचार-वर्तन उपचारपद्धतीने (सीबीटी) सुरुवात करता येते. आठवड्याला एक असं काही महिने जावं लागतं, तिसऱ्या भेटीत निकाल मागू नका. त्याहून जास्त असतील तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. ससून रुग्णालयात मानसोपचार विभागाची ओपीडी आहे, येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण तपासणी होते. केसपेपर काढून सकाळी लवकर नंबर लावा. येरवड्याचं नाव ऐकून घरातले दचकतात. तिथे गोळ्या घेऊन दुपारी घरी परतणारेच पुष्कळ असतात. 'फाइल झाली तर लग्नाला आड येईल' ही भीतीही काढा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाला गोपनीयतेचा हक्क आहे.

पहिल्या भेटीला चार रकान्यांची वही, दोन्ही प्रश्नावल्यांचे गुण, पाळीच्या आणि पित्ताच्या गोळ्यांसकट चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या आणि थायरॉइड, साखर, बी-१२ यांचे रिपोर्ट घेऊन जा. दोन गोष्टी डॉक्टरांना आवर्जून विचारा: 'या औषधाने वजन वाढेल का? दुसरा पर्याय आहे का?' आणि मूल हवं असण्याचं वय असेल तर 'यात व्हॅल्प्रोएट (फिट्ससाठी आणि मूड स्थिर ठेवायला देतात ते औषध) आहे का?' कारण त्या औषधाने पाळी आणि संप्रेरकं आणखी बिघडू शकतात आणि गर्भालाही धोका असतो. सोबत घरचं एक माणूस न्या, पण पहिली पंधरा मिनिटं त्याला बाहेर बसवा.